रविवारच्या जलरंग सरावाची वेळ बदलली

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, उन्हामुळे सपाट वॉशचा (कागदावर एकाच छटेचा, सलग पातळ रंग पसरवण्याचा) सराव या रविवारी सकाळी साडेसहालाच समाजमंदिरात सुरू होईल. नऊनंतर हवा इतकी कोरडी होते की पुढचा हात फिरेपर्यंत रंगाची कड वाळते आणि चित्रातल्या आभाळात पट्टे उमटतात. पंखा, कूलर बंदच राहतील.

कागद शक्यतो ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) आणावा. त्याहून पातळ असेल तर आदल्या रात्री दोन्ही बाजूंनी भिजवून, पाण्याने चिकटणाऱ्या कागदी टेपने चारही कडा फळीला चिकटवून वाळू द्या. नाहीतर कागद फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो.

रंग लागेल त्याच्या दुप्पट कालवा, कारण मध्येच संपला की तीच छटा परत जमत नाही. फळी मागून दोन-तीन बोटं उंच ठेवा. ब्रश भरून आडवा ओढा, खाली साचलेल्या ओघळाला पुढचा फटकारा भिडवा, शेवटचा ओघळ पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. अर्धवट ओल्या भागाला कृपया हात लावू नका! तिथं पाणी पडलं की फुलकोबीसारखा डाग पसरतो, तो नंतर निघत नाही.

पाण्याचे दोन डबे, सुती फडकं सोबत आणावं.