उतारा न वाचता दहापैकी आठ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा जवळ आल्या की सगळ्याच पेपरांत टिप्स सुरू होतात आणि इंग्रजीच्या टिपांमध्ये एक ओळ ठरलेली असते, की अनसीन पॅसेज आला तर आधी प्रश्न वाचा, मग प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा, ती ओळ उतरवून काढा, वेळ वाचेल. वेळ वाचतो हे खरंय. उतारा मात्र वाचायचा राहतो. याच एका ओळीवर मला भांडायचंय, म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, जमलं तर न कापता छापा.

मी शिक्षिका वगैरे नाही. प्रूफं तपासण्याचं काम करते, त्यामुळे पानच्या पान वाचूनही त्यात काय लिहिलंय ते डोक्यात न शिरणं हा प्रकार मला चांगला माहितीये, आमचा तो धंदाच आहे. पण हायस्कूलच्या परीक्षेला बसलेली माझी भाची तेच करतेय आणि त्याला अभ्यास म्हणतेय हे बघितलं तेव्हा मला धक्का बसला.

झालं असं, की ती माझ्याकडे चार दिवस राहायला आली होती. सोबत सराव उताऱ्यांचं एक जाडजूड पुस्तक, चाळीसच्या वर पॅसेज सोडवून झालेले, प्रत्येकाखाली लाल पेनने मार्क, दहापैकी सात, आठ, आठ, सात, आठ. पहिल्या पॅसेजला आठ आणि बेचाळिसाव्यालाही आठच. मी विचारलं अगं एवढं सोडवून मार्क हलत का नाहीत, तर म्हणाली, "मावशी, ते दोन मार्क इन्फरन्सचे, म्हणजे उताऱ्यात सरळ न लिहिलेलं ओळखायचे असतात, ते कुणालाच मिळत नाहीत, क्लासमध्ये सांगितलंय सोडून द्यायचे." मी तिच्या हातातलं पुस्तक मिटलं आणि म्हटलं, बरं, आत्ता जो सोडवलास तो कशाबद्दल होता तेवढं मराठीत सांग. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लाइटहाऊस." पुढे काही नाही. दीपगृहाचं काय, तिथे कोण होतं, काय झालं, काहीच नाही. आणि मार्क आठ!

हे कसं होऊ शकतं ते ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी एक वाक्य देते. "टिंगरू भल्या पहाटे खुमळावर गेला आणि तीन भोंगुळं चिरपटून परत आला, कारण त्याच्या गुबडीला फार झुंबी लागली होती." आता प्रश्न. टिंगरू कुठे गेला? खुमळावर. किती भोंगुळं चिरपटली? तीन. का? गुबडीला झुंबी लागली होती म्हणून. घ्या, पैकीच्या पैकी. आता मला कुणीतरी सांगा की टिंगरूचं नेमकं काय चाललं होतं. वाक्याचा सांगाडा ओळखीचा असला की अर्थ न कळताही उत्तरं काढता येतात, आणि आपली पोरं इंग्रजी उताऱ्याशी वर्षभर हेच खेळत बसतात.

पर्यायांचे प्रश्न असले की आणखीच मजा. वाचनाच्या परीक्षेत पर्याय देण्याची पद्धत बरीच जुनी आहे, अमेरिकेत कॅन्ससमध्ये फ्रेडरिक केली नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने 1915 च्या सुमारास मूकवाचनाची एक चाचणी तयार केली तेव्हापासूनची. तपासणाऱ्याप्रमाणे मार्क बदलू नयेत हा त्यामागचा हेतू, तो चांगलाच होता. पण त्या चाचणीतला एक प्रश्न बघा, खाली चार प्राण्यांची नावं दिली आहेत, शेतावर उपयोगी पडणाऱ्या प्राण्याच्या नावाभोवती रेघ काढा, गाय, वाघ, उंदीर, लांडगा. याला वाचन किती लागतं आणि गाय माहीत असणं किती लागतं! पुढे 1990 साली स्टुअर्ट कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सॅट या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे वाचनाचे प्रश्न विद्यार्थ्यांना उतारा न देताच सोडवायला दिले होते, तर नुसत्या अंदाजपंचे जेवढी उत्तरं बरोबर यायला हवीत त्यापेक्षा बरीच जास्त बरोबर आली. म्हणजे उताराच दिलेला नाही आणि तरी मार्क. हे वाचल्यावर मला माझ्या भाचीचं फार नवल वाटेनासं झालं.

तर तो दीपगृहाचा उतारा आम्ही परत काढला. तीनशे शब्दांचा असेल नसेल. एका बेटावर जुनं दीपगृह, म्हातारा राखणदार, समोरच्या किनाऱ्यावर विजेवर चालणारं नवं दीपगृह होतं आणि याचं काम संपतं, तरी तो रोज संध्याकाळी जिने चढून जातो. एवढीच गोष्ट. मी म्हटलं सावकाश, एकेक वाक्य वाच आणि मला मराठीत सांगत जा, भाषांतर नको, काय घडतंय ते सांग. तिसऱ्या वाक्यातच गाडी अडकली. "द कीपर हार्डली स्पोक टु द व्हिजिटर्स." भाची म्हणाली, तो पाहुण्यांशी कडक बोलायचा. हार्ड म्हणजे कडक, हार्डली म्हणजे कडकपणे, तर्क अगदी बरोबर आहे, उत्तर साफ उलटं. तो बोलायचाच नाही जवळपास! आणि मग खाली प्रश्नात राखणदाराचा स्वभाव विचारला तेव्हा तिने कडक या पर्यायावर टिक केली होती, ती चूक निघाली, आणि चूक का निघाली हे तिला कधी कळलंच नाही कारण मागच्या पानावर उत्तर फक्त 'सी' एवढंच छापलंय. सी. बस्स.

पुढे आणखी एक. "द मॅन हू सोल्ड द बोट टु हिज ब्रदर लेफ्ट द आयलंड." बेट कोण सोडून गेलं? ती म्हणाली भाऊ. का, तर 'ब्रदर लेफ्ट द आयलंड' असं सरळ लिहिलंय की. आणि खरंच, तेवढा तुकडा कापून वाचला तर तेच दिसतं. इथे मला एकदम उमगलं की चूक निष्काळजीपणाची नाहीये, आपल्या भाषेची सवय आडवी येतेय. आपण मराठीत म्हणतो, ज्या माणसाने भावाला होडी विकली तो बेट सोडून गेला. ज्या आणि तो अशी जोडी आपल्याला कशी हाताला धरून घेऊन जाते. इंग्रजीत तो 'तो' नाहीच, कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये अख्खी होडी येऊन बसते आणि पोरगी जवळचा माणूस पकडते. तसंच 'इट' आणि 'दे' चं. मराठीत होडी गेली, दिवा गेला, जहाज गेलं, क्रियापदच सांगतं कोण गेलं ते. इंग्रजीत तिन्हीला 'इट', कुठलं ते मागे जाऊन आपणच शोधायचं. ही गोष्ट कुणी शिकवतं का पोरांना? टिप्समध्ये तरी मी कधी वाचली नाही, तिथे 'मुद्देसूद लिहा' आणि 'अक्षर चांगलं काढा'.

आता शब्दांबद्दल. क्लासवाले शब्दांच्या याद्या देतात पाठ करायला आणि शिवाय सांगतात की अवघड शब्द आला तर संदर्भावरून अर्थ लावा. संदर्भावरून अर्थ लावायला संदर्भ आधी कळायला हवा ना! हू आणि पॉल नेशन या दोघा भाषा-अभ्यासकांनी 2000 साली केलेल्या अभ्यासात असं दिसलं होतं की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायला त्यातले शंभरातले साधारण 98 शब्द माहीत असावे लागतात. तीनशे शब्दांच्या उताऱ्यात म्हणजे सहाच अनोळखी शब्द चालतात. भाचीच्या उताऱ्यात आम्ही मोजले तर एकवीस निघाले, आणि त्यातले बरेचसे यादीत होते, पाठही होते, पण वाक्यात ओळखू आले नाहीत. याद्यांवर माझा विश्वास तसाही कमीच, तो आता पार गेला.

आणि विषयाची माहिती असणं हे तर याहून मोठं प्रकरण. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी 1988 मध्ये शाळेतली 64 मुलं घेऊन बेसबॉलच्या सामन्यावरचा एक उतारा वाचायला दिला होता आणि मग लाकडी खेळाडू हलवून सामन्यात काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. म्हणजे आपण ज्याला कॉम्प्रिहेन्शन स्किल म्हणतो त्यातला बराचसा भाग म्हणजे आधीपासून काय काय माहीत आहे हा असतो. दीपगृहाची काच रोज का पुसावी लागते हे माझ्या भाचीला माहीत नव्हतं, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने ती धुरकट होते हे सांगितल्यावर उताऱ्यातली शेवटची ओळ तिला कळली. त्यामुळे बेचाळीस पॅसेज सोडवण्याऐवजी महिनाभर मिळेल त्या विषयावरचं काहीबाही वाचलं असतं, मराठीत का असेना, तरी फायदा झाला असता असं माझं मत आहे. मराठीत का असेना हे मुद्दाम म्हणतेय, कारण इंग्रजीतच विचार करा असं म्हणणारे लोक यावर चिडतात. चिडू देत. माहिती डोक्यात मराठीतून गेली म्हणून इंग्रजी पेपरात ती संपावर जात नाही.

चार दिवसांत आम्ही काय केलं ते सांगते. एकच उतारा दोन दिवस पुरवला. पहिल्यांदा प्रश्न झाकून वाचायचा. मग पुस्तक मिटून सांगायचं. अडेल तिथे उघडून बघायचं, परत मिटायचं. हे मिटून सांगणं फार त्रासाचं वाटतं, भाची म्हणाली त्यापेक्षा मी अजून दोनदा वाचते ना. सगळ्यांना तसंच वाटतं. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे देऊन हेच तपासलं होतं, एक उतारा सूर्यावरचा होता आणि एक समुद्री ऑटरांवरचा, म्हणजे पाणमांजरांवरचा. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने विचारलं तर मिटून आठवणारे पुढे. तो प्रयोग लक्षात राहण्याबद्दलचा होता, समजण्याबद्दलचा नाही, हे कबूल. पण मिटून सांगायला लागलं की आपल्याला काय कळलं नाहीये ते ताबडतोब उघडं पडतं, आणि नुसतं परत वाचताना ते छान झाकलेलं राहतं.

मग तिलाच प्रश्न काढायला लावले. पहिले चार टिंगरूछाप निघाले, पाचवा मात्र असा, "काम संपल्यावरही तो वर का जायचा?" याचं उत्तर कुठल्याच ओळीत नाही. हाच तुमचा तो इन्फरन्स, जो सोडून द्यायला सांगतात.

आणि पर्यायांच्या प्रश्नात बरोबर उत्तरावर टिक करून पुढे जायचं नाही, उरलेले तीन चूक का आहेत ते उताऱ्यातल्या शब्दावर बोट ठेवून सांगायचं. याला वेळ लागतो, दहा प्रश्नांना एक तास गेला आमचा. कुणी म्हणेल परीक्षेत एवढा वेळ कुठे असतो. नसतोच. परीक्षेत शेवटची दहा मिनिटं उरली आणि उतारा बाकी असेल तर खुशाल आधी प्रश्न वाचा आणि शब्द शोधा, मीही तेच करीन. पण ती आग लागल्यावर खिडकीतून उडी मारायची युक्ती आहे, रोज घरातून तशीच बाहेर पडायची सवय कशाला लावताय? घड्याळ लावून सराव करायचा तो शेवटच्या काही आठवड्यांत, वाचता यायला लागल्यावर.

संपादक महोदय, तुमच्याकडे एकच मागणं आहे. परीक्षेच्या टिप्सची जी चौकट असते ना, त्या जागेत आठवड्याला एक छोटा इंग्रजी उतारा छापा, फक्त चार प्रश्न द्या, आणि दुसऱ्या आठवड्यात उत्तरं देताना बरोबर पर्याय कुठला एवढंच न सांगता बाकीचे का नाहीत ते मराठीत दोन-दोन ओळींत समजावून सांगा. जागा लागेल, पण वाचतील लोक, पोरांपेक्षा आईबाप जास्त वाचतील.

जाता जाता, नव्या दीपगृहाबद्दल राखणदाराला काय वाटत होतं असा त्या उताऱ्यावर शेवटचा प्रश्न होता आणि मागे उत्तर छापलं होतं 'ए', म्हणजे राग आला होता. चौथ्या दिवशी निघायच्या आधी बॅग भरता भरता भाची थांबली आणि म्हणाली, मावशी हे चूक आहे, राग आल्याची एकही ओळ नाहीये, तो वर जाऊन फक्त काच पुसतो, रागावलेला माणूस काच कशाला पुसेल, हे 'डी' असलं पाहिजे, त्याला करमत नव्हतं. मी म्हटलं पण मार्क तर 'ए' लाच मिळणार. तर तिने पेन्सिल काढली, मागच्या पानावरचा 'ए' खोडला आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ओळ 26 बघा.

आपली,
एक वाचक आणि एका परीक्षार्थीची मावशी