सिंग्युलॅरिटीपाशी गणित हात टेकत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला कृष्णविवरांवरचा लेख मी दोनदा वाचला. भाषा सोपी आहे, चित्रे चांगली आहेत, आणि आमच्या सेलूसारख्या गावातल्या मुलांच्या हाती असे काही पडते याचा मला मनापासून आनंद आहे. पण लेखाच्या शेवटी सिंग्युलॅरिटी म्हणजे गणित जिथे हात टेकते ती जागा, अशा अर्थाचे एक वाक्य आहे. हे पत्र त्या एका वाक्यासाठी. परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी ३१ वर्षे बी.एस्सी.च्या मुलांना कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, म्हणजे संमिश्र संख्यांवरच्या फंक्शनांचे गणित, शिकवले. त्यातले सर्वांत समृद्ध प्रकरण कोणते असे कोणी विचारले तर मी सिंग्युलॅरिटीचेच नाव घेईन. गणित तिथे थांबत नाही. तिथे ते सर्वांत जास्त बोलते.

एरवी नीट चालणारे फंक्शन ज्या बिंदूवर अडते तो बिंदू म्हणजे सिंग्युलॅरिटी. तिच्या तीन जाती. आधी सोपे उदाहरण. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा आणि साइन क्ष भागिले क्ष काढा. क्ष ०.१ घेतला तर ०.९९८३ येते, ०.०१ घेतला तर ०.९९९९८. शून्य घातले की पडद्यावर एरर. मशीन तिथे अडले, पण आजूबाजूच्या किमती ओरडून सांगतात की इथे १ हवा. तो १ भरून टाकला की भोक बुजते, मागे खूणही राहत नाही. ही झाली पहिली जात, रिमूव्हेबल. दुसरी पोल: एक भागिले क्ष घ्या, शून्याजवळ जाल तसे उत्तर वाढतच जाते, आणि ते नेमके कोणत्या वेगाने वाढते हेही सांगता येते. तिसरी इसेन्शियल, आणि तिचे नाव काढले की आजही माझ्या अंगावर काटा येतो. झेड ही संमिश्र संख्या, म्हणजे साधी संख्या अधिक −१ च्या वर्गमुळाची पट, असे धरा आणि ई या संख्येचा एक भागिले झेड इतका घात घ्या. शून्याभोवती सुईच्या टोकाएवढे वर्तुळ काढा, त्याहून लहान काढा. तेवढ्याशा जागेत हे फंक्शन शून्य वगळता प्रत्येक संमिश्र संख्येला जाऊन भिडते, तेही अनंत वेळा. अशा प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त एकच संख्या सुटू शकते, हे फ्रेंच गणिती पिकार यांनी १८७९ मध्ये सिद्ध केले. जिथे सगळे कोसळले असे वाटते तिथे इतका काटेकोर नियम सापडतो, याला हात टेकणे कसे म्हणायचे?

आमच्याकडे हे प्रकरण तीन व्याख्यांवर संपते. मी शिकत असताना आमच्या सरांनी फळ्यावर तिन्ही लिहिल्या आणि सांगितले, ‘पाठ करा, सात मार्क पक्के.’ मी पाठ केल्या, सात मार्क मिळाले, आणि त्या व्याख्या कशाबद्दल आहेत हे मला स्वतः शिकवायला लागल्यावर कळले. गाईडांत आजही तेच चालू आहे. मुले रेसिड्यूचे, म्हणजे अडलेला बिंदू मागे सोडतो त्या आकड्याचे, गणित सूत्राने बिनचूक सोडवतात, पण ‘हे काय काढलंस?’ असे विचारले की गप्प होतात. दोष मुलांचा नाही.

एका वर्षीची गोष्ट सांगते. मी फळ्यावर एक भागिले (१ + क्ष²) लिहिले आणि त्याची मालिका मांडली: १ − क्ष² + क्ष⁴ − क्ष⁶, अशी पुढे न संपणारी. मुलांना वह्यांत बेरजा करायला लावल्या. क्ष अर्धा घेतला तर १, ०.७५, ०.८१२५, ०.७९६९, आणि हळूहळू ०.८ वर स्थिरावते. तेच खरे उत्तर. मग क्ष २ घ्यायला सांगितला. खरे उत्तर ०.२ यायला हवे. मुलांच्या वह्यांत आले १, −३, १३, −५१, २०५. जिंतूरकडून रोज एसटीने येणारी एक मुलगी उभी राहिली. तिने वक्र काढून ठेवला होता, मधे उंच, दोन्हीकडे शांतपणे उतरत गेलेला. म्हणाली, ‘मॅडम, ह्या वक्राला तर कुठंच काही झालं नाही. मग ही सिरीज कामून बिघडायली?’

शिक्षकाच्या वाट्याला असा प्रश्न फार थोड्या वेळा येतो. त्या दिवशी मी हजेरी घ्यायची विसरले.

उत्तर असे आहे. आपण ज्या रेषेवर क्ष मोजत होतो ती रेषा एका सपाट मैदानातून जाते, आणि ते मैदान म्हणजे संमिश्र संख्या. रेषेवर कुठेही खड्डा नाही. पण शून्यापासून बरोबर एक एकक वर, जिथे −१ चे वर्गमूळ आय बसलेले आहे, तिथे छेद शून्य होतो. एक एकक खालीही तसेच. वास्तव संख्यांच्या रेषेवरून चालणाऱ्याला हे दोन खड्डे दिसत नाहीत, मालिकेला मात्र ते जाणवतात. मी मुलांना म्हटले, शून्यावर खुंटा ठोकलाय आणि मालिका त्याला बांधलेली आहे. दाव्याची लांबी म्हणजे सर्वांत जवळच्या खड्ड्यापर्यंतचे अंतर, इथे १. तेवढ्याच गोलात ती चरणार, त्यामुळे २ तिच्या घेरात येत नाही. आता खुंटा उपटा आणि १ वर ठोका. तिथून आय आणि उणे आय दोन्ही वर्गमूळ २, म्हणजे १.४१४ अंतरावर आहेत. दावे तेवढे लांब झाले आणि २ घेरात आला! तास संपला तरी मुले खुंटा हलवत बसली होती. कुणी ३ वर नेला, कुणी १० वर. खड्डा कुठे आहे आणि कसा आहे हे कळले की मालिका कुठपर्यंत विश्वासाची, हे घरबसल्या सांगता येते.

रेसिड्यूसाठी मी प्रदक्षिणा हा शब्द वापरत असे. औंढा नागनाथला गाभारा खाली आहे, जागा अरुंद, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उतरणे होत नाही. प्रदक्षिणा मात्र तो बाहेरून घालतो. फ्रेंच गणिती कोशी यांनी हेच दाखवले: अडलेल्या बिंदूला हात न लावता त्याच्याभोवती एक फेरी मारा, वाटेत फंक्शनची बेरीज (इंटिग्रल) करत जा, आणि आत काय आहे त्याचा नेमका आकडा फेरीच्या शेवटी तुमच्या हातात येईल. एक भागिले झेड घेऊन शून्याभोवती फिरलात तर उत्तर दोन पाय आय (2πi). फेरी लहान असो की गावाएवढी, उत्तर तेच. फक्त मुलांना एक बजावावे लागे की गणितातली धन फेरी घड्याळाच्या उलट असते. देवळातल्यासारखी फिरलात तर चिन्ह उणे येते. परीक्षेत ही चूक फार होते.

फंक्शनमधले संमिश्र चल एकाऐवजी दोन झाले की प्रकार आणखी बदलतो. तिथे एकटा बिंदू अडूच शकत नाही, हे जर्मन गणिती हार्टोग्स यांनी १९०६ मध्ये दाखवले. बिंदू वगळून सगळीकडे फंक्शन नीट असेल तर ते त्या बिंदूवरही आपोआप नीट होते. बिघाड असलाच तर तो चैत्रात काळ्या रानाला पडलेल्या भेगेसारखा, पार बांधापर्यंत गेलेला असतो.

आता वक्राच्या टोकाविषयी, म्हणजे भूमितीतल्या सिंग्युलॅरिटीविषयी. यचा वर्ग बरोबर क्षचा घन, हे समीकरण काढून पाहा. दोन फांद्या येऊन शून्यावर चोचीसारख्या मिळतात. तिथे स्पर्शिका काढायचे नेहमीचे सूत्र ०/० देऊन बसते. हे समजावायला मी ग्रंथालयाच्या बांधकामावरून हातभर बाइंडिंगची तार मागून आणली आणि वाकवून घेतली. वाकवायची रीत अशी: लांबीकडे ट जाईल तेव्हा आडवी ट² आणि उभी ट³. वर्ग सकाळी साडेसातचा, पूर्वेची खिडकी, ऊन थेट समोरच्या भिंतीवर. मधल्या जागी तार ज्या दिशेने धावते तीच दिशा उन्हाकडे करून धरली. भिंतीवर सावली पडली, आणि सावलीत बरोबर ती चोच. मुलांनी तार हातात घेऊन बोटे फिरवली. कुठे मोड नाही, टोक नाही, सगळी गुळगुळीत. मग ती किंचित एका बाजूला कलती केली, तर चोच उकलून भिंतीवर छोटा फास दिसला. दुसऱ्या बाजूला कलती केली, तर नुसता बाक. टोक तारेत नव्हतेच, ते सावलीत होते.

गणितात याला रिझोल्यूशन म्हणतात. अडलेल्या जागेसकट जी आकृती दिसते ती वरच्या एखाद्या गुळगुळीत आकृतीची सावली मानायची, आणि ती वरची आकृती शोधून काढायची. वक्रासाठी हे जमते. पृष्ठभागासाठी कठीण, त्याहून जास्त मितींत फारच कठीण. जपानचे हिरोनाका यांनी १९६४ मध्ये नेहमीच्या संख्यांसाठी सर्व मितींत हे सिद्ध केले आणि १९७० मध्ये त्यांना फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान मिळाला. पण दुसरीही संख्याविश्वे आहेत. आठवड्याचे वार मोजताना सात वार झाले की आपण पुन्हा पहिल्यावर येतो, तसे जिथे १ मध्ये १ मिळवत गेले की ठराविक अविभाज्य संख्येइतक्या वेळांनी शून्यच येते. तिथे जुनी हत्यारे चालत नाहीत. त्या विश्वात पृष्ठभागांचा प्रश्न सर्वप्रथम सोडवला तो श्रीराम अभ्यंकर यांनी. १९३० मध्ये उज्जैनला मराठी घरात जन्म, मुंबईत शिक्षण, मग हार्वर्ड. तिथे गणिती झारिस्की यांच्या हाताखाली १९५५ मध्ये पीएच.डी. घेतली तेव्हा वय पंचविशीच्या आसपास. पुढे १९६६ मध्ये त्यांनी तीन मितींपर्यंत मजल मारली, फक्त २, ३ आणि ५ हे अविभाज्य तेव्हा बाहेर राहिले. चार आणि त्यापुढच्या मितींसाठी या विश्वात आजही सर्वमान्य सिद्धता नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात ते अनेक वर्षे होते, पण १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था त्यांनीच उभी केली. २०१२ मध्ये ते गेले. त्यांना प्रत्यक्ष पाहण्याचा योग मला आला नाही, पण दर वर्षी तार हातात घेतली की मी मुलांना त्यांचे नाव सांगत असे. क्रिकेटपटूंची नावे पाठ असलेल्या वर्गात हे नाव मात्र कुणीच ऐकलेले नसे, याचे मला दर वर्षी वाईट वाटे.

भास्कराचार्यांचाही उल्लेख करते, कारण त्यांच्या घराण्याचे मराठवाड्याशी नाते आहे. त्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्याने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला, हे तिथल्या १२०७ च्या शिलालेखात आहे. शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्यांनी खहर म्हटले आणि त्यात काही मिळवले वा काढले तरी ती बदलत नाही असे लिहिले. त्याच राशीला पुन्हा शून्याने गुणले की मूळ संख्या मिळते, हे त्यांचे म्हणणे आज मान्य नाही, ते तसे सांगायलाही हवे. पण बाराव्या शतकात त्या जागेकडे पाठ न फिरवता त्यांनी तिचे नियम शोधायला घेतले, ही गोष्ट माझ्या दृष्टीने फार मोठी आहे.

आपल्या लेखातल्या कृष्णविवरालाही हे लागू पडते. आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांना जर्मन शास्त्रज्ञ श्वार्त्सशिल्ड यांनी दिलेल्या १९१६ च्या उत्तरात दोन ठिकाणी समीकरणे अडतात, विवराच्या सीमेवर आणि मध्यभागी. सीमेवरची अडचण मोजमापाच्या पद्धतीतून आलेली होती, निर्देशक बदलले की ती जाते. मध्यभागीची जात नाही. पहिली तारेच्या सावलीसारखी आणि दुसरी खरी, हा भेद कुणी केला? गणितानेच. लेखात एवढा एक परिच्छेद असता तर वाचणाऱ्या मुलाला ‘इथे संपले’ असे न वाटता ‘इथे काय आहे?’ असे वाटले असते.

माझी विनंती एवढीच की पुढच्या एखाद्या पुरवणीत ते वाक्य दुरुस्त करावे, आणि २२ जुलैला, अभ्यंकरांच्या जन्मदिवशी, त्यांच्यावर एक पान द्यावे. तार अजून माझ्या कपाटात आहे, आकार बिघडू नये म्हणून पुठ्ठ्यावर बांधून ठेवलेली. परभणी, हिंगोली, जालना यांपैकी कुठल्याही शाळेने किंवा महाविद्यालयाने आपल्या कार्यालयामार्फत निरोप दिला तर मी ती घेऊन एसटीने येईन. फक्त तास सकाळचा ठेवावा आणि वर्ग पूर्वेला खिडकी असलेला द्यावा. नऊनंतर ऊन वर चढते आणि सावली भिंतीवर नीट पडत नाही.

आपली,
एक निवृत्त गणित प्राध्यापिका
सेलू, जि. परभणी