डेकखाली शिरून पाहणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

न्यू जर्सीतल्या त्या घराचं क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार, होऊन आम्ही आता इथे राहायला आलो आहोत. घर घेण्याआधी तुम्ही केलेल्या इन्स्पेक्शनची, म्हणजे तपासणीची, फी तुम्हाला तेव्हाच पोचली, पण आभार मानायचे राहिले होते. ते चारचौघांत मानावेत असं वाटलं, कारण आपली कितीतरी मंडळी दर वसंतात घरं बघत हिंडतात, मागच्या डेकवर, म्हणजे घराला जोडलेल्या लाकडी ओट्यावर, उभी राहून झाडं बघतात, मनातल्या मनात खुर्च्याही मांडतात. डेकच्या खाली कोणी बघत नाही.

तुम्ही बघितलंत. वरून तो डेक देखणाच होता. नुकताच रंग दिलेला, एकही फळी उखडलेली नाही. तुम्ही मात्र टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन सरळ खाली शिरलात, ओल्या मातीत गुडघे टेकून, आणि घराच्या भिंतीपाशी बराच वेळ थांबलात. मग आम्हालाही खाली बोलावलंत.

लेजर बोर्ड हा शब्द आम्ही तिथे पहिल्यांदा ऐकला. डेकचे वासे ज्या आडव्या फळीला टेकतात आणि जी घराच्या भिंतीला जोडलेली असते, ती ही फळी. डेकची ती अख्खी बाजू तिच्यावर पेललेली असते. आमच्याकडे ती नुसत्या खिळ्यांवर उभी होती. खिळा वजन काही काळ धरतो, पण डेक भिंतीपासून दूर ओढला जाऊ लागला की तो हळूहळू उपसून येतो. म्हणून तिथे अर्ध्या इंचाचे बोल्ट किंवा त्या कामासाठीच बनवलेले जाड स्क्रू लागतात, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. डेक कोसळतात ते बहुतेक वेळा याच जोडापाशी, हेही सांगितलंत. फळीच्या वर फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची पट्टी, नव्हतं, त्यामुळे पावसाचं पाणी वर्षानुवर्षं तिच्यामागे मुरत होतं. स्क्रूड्रायव्हर तुम्ही माझ्या नवऱ्याच्या हातात दिलात आणि म्हणालात, ‘तुम्हीच दाबून बघा.’ तो लाकडात सहज आत गेला. त्यानंतर आम्हाला वेगळं पटवून द्यावं लागलं नाही.

वाशांना धरणारे लोखंडी हँगर गंजले होते, खिळ्यांची निम्मी भोकं रिकामी होती, आणि काही ठिकाणी ड्रायवॉलचे, म्हणजे घरातल्या भिंतींच्या पातळ तक्त्यांसाठीचे, बारीक स्क्रू मारलेले होते. गंजण्याचं कारणही तुम्ही सांगितलंत. २००३ अखेरीस अमेरिकेत घरांसाठी, कुजू नये म्हणून आर्सेनिक मुरवलेलं लाकूड बनवणं थांबलं. त्याजागी जे आलं त्यात तांबं जास्त असतं आणि ते साध्या लोखंडाला लवकर खातं, म्हणून जस्ताचा जाड थर दिलेले किंवा स्टेनलेसचे खिळे हवेत. दुकानात स्वस्त मिळतात म्हणून घेतलेले खिळे इथे चालत नाहीत. कठड्याला तुम्ही टेप लावलात. उंची ३६ इंच होती, ती ठीक. पण दोन गजांमधून ४ इंचाचा चेंडू जाता कामा नये, आणि एका कोपऱ्यात तो आरामात गेला असता. माझी मुलगी तेव्हा रांगत होती.

पण सगळ्यांत जास्त आभार मला तुमच्या रिपोर्टचे मानायचे आहेत. आधी एका घरासाठी आम्ही दुसऱ्या कोणाकडून इन्स्पेक्शन करून घेतलं होतं. त्या रिपोर्टमध्ये डेकबद्दल एकच ओळ होती: ‘डेक जुना आहे, देखभाल करावी.’ अशा ओळीचं घर घेणाऱ्याने करायचं काय? तुम्ही प्रत्येक फोटोखाली लिहिलंत, काय दिसलं, त्यातून काय होऊ शकतं आणि आता कोणाला बोलवायचं. जे दिसलं नाही तेही लिहिलंत: खांबांचे पाये जमिनीत आहेत, ते गोठणरेषेच्या, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते त्या खोलीच्या, खालपर्यंत गेलेत की नाही हे वरून सांगता येत नाही, टाउनशिपमध्ये, म्हणजे गावाच्या कचेरीत, बांधकामाच्या परमिटची फाइल मागवून बघा. फाइल मागवली. डेकचं परमिटच नव्हतं.

घर दाखवणाऱ्या रिअल्टर म्हणाल्या, ‘या रस्त्यावरचे सगळे डेक असेच आहेत.’ तुम्ही म्हणालात, ‘असतील. मी या डेकबद्दल लिहितोय.’ घर घ्या किंवा घेऊ नका, हे तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत. फक्त एवढंच म्हणालात, की दुरुस्त होईपर्यंत इथे माणसं जमवू नका.

त्या वाक्याचं वजन मला नंतर कळलं. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. आरती झाली की घरात मावत नाहीत ती सगळी माणसं प्रसादाची ताटं घेऊन मागे जातात, आणि फोटोसाठी एकाच बाजूला, कठड्याला रेलून उभी राहतात. नीट बांधलेला डेक चौरस फुटाला ४० पौंड भार धरून आखलेला असतो. आमचा १२ बाय १६ फुटांचा, म्हणजे साडेसात हजार पौंडांहून जास्त. त्यातला भिंतीकडचा वाटा खिळ्यांवरच्या फळीने पेलायचा होता. शिकागोत २९ जून २००३ला पार्टीच्या गर्दीत लाकडी पोर्च कोसळून १३ माणसं गेली. कॅलिफोर्नियात बर्कलीला १६ जून २०१५ला वाढदिवसासाठी जमलेल्या मुलांखालची बाल्कनी तुटली. आतलं लाकूड कुजलेलं होतं. ६ विद्यार्थी गेले. हे मी तुमचा रिपोर्ट हातात आल्यावर वाचलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. आमच्या वकिलांनी रिपोर्टची ती पानं जशीच्या तशी सेलरच्या वकिलांना पाठवली, आणि दुरुस्तीचे पैसे किमतीतून कमी झाले. लायसन्स असलेल्या काँट्रॅक्टरने साइडिंग, म्हणजे भिंतीवरचं बाहेरचं आवरण, उघडलं तेव्हा भिंतीतलं लाकूडही कुजलेलं निघालं, तुम्ही शंका लिहिली होतीत अगदी तिथेच. आता परमिट काढून नवं काम झालं आहे आणि टाउनशिपचा माणूस येऊन तपासून गेला आहे.

काका, घराचा पत्ता आणि आमची नावं काढून तुमचा रिपोर्ट मी माझ्या भावाला पाठवला आहे. तो नॉर्थ कॅरोलायनात घर शोधतोय. तिथल्या इन्स्पेक्टरला त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, ‘तुम्ही डेकच्या खाली जाऊन बघता का?’

आपली,
एक कृतज्ञ गृहिणी