मन्या, डाव्या हाताची गोष्ट

प्रिय मन्या,

दिवाळीतल्या तुझ्या मेसेजला आत्ता उत्तर देतोय, शिव्या घालून झाल्या की पुढे वाच. तब्येत बरी, बीपीची एक गोळी वाढलीय, बस.

तर झालं असं, शनिवारी ओजसला बेसबॉलच्या कोचने सांगितलं की दोन्ही हातांनी बॉल टाकायचा नाद सोड आणि एक हात ठरव. पोरगं दोन्हीने टाकतं रे, डाव्याने जरा जास्तच चांगलं. गाडीत बसल्यावर म्हणाला, बाबा, काय करू? आणि मी रस्त्यावरची नजर न काढता म्हणालो, कोच सांगतात तसं कर. बोललो आणि एकदम नववीतले सर दिसले, तुझ्या डाव्या हातावर बसणारी पट्टी दिसली, आणि क्रिकेटच्या मॅचमध्ये तू बॉलिंगचा हात बदलल्यावर अंपायरकडे पळत जाऊन चुगली करणारा कॅप्टन. आपल्याच टीमचा. (अंपायरला न सांगता हात बदलला की नो-बॉलच असतो, हे मी मरेपर्यंत म्हणणार.)

ओजसला हा नाद लागला कुठून माहितीय? २०१७ ला अ‍ॅलनटाऊनला प्रोजेक्ट होतं तेव्हा मीच त्याला खांद्यावर बसवून आयर्नपिग्ज या तिथल्या बेसबॉल टीमच्या मॅचला नेलं होतं. तिथे पॅट व्हेन्डेटी नावाचा पिचर, म्हणजे बेसबॉलचा बॉलर. ग्लोव्हला सहा बोटं, दोन अंगठे, मधे चार, कुठल्याही हातात बसतो. बॅटर डावखुरा आला की डाव्याने, उजवा आला की उजव्याने. बापाने तीन वर्षांचा असल्यापासून दोन्ही हात तयार करून घेतलेले. २००८ ला त्याच्या पहिल्याच प्रोफेशनल मॅचमध्ये समोर दोन्ही बाजूंनी खेळणारा बॅटर आला. हा ग्लोव्ह बदलतोय, तो पलीकडे जाऊन उभा राहतोय, हा परत बदलतोय, तो परत इकडे, अंपायर डोकं धरून. शेवटी नियमच करावा लागला की हात आधी पिचरने सांगायचा. वाचताना मला तूच दिसलास, फक्त तुझ्यासाठी कुणी नियम केला नाही, पट्टी काढली.

पण मन्या, पुढचं ऐक. एवढी जगावेगळी कला असून न्यूयॉर्क यँकीजच्या खालच्या (मायनर लीगच्या) टीम्समध्ये सात वर्षं काढली, स्टेटन आयलंड, चार्ल्स्टन, टॅम्पा, ट्रेंटन, स्क्रँटन, आणि वर, मेजर लीगच्या मुख्य टीममध्ये, एकदाही बोलावलं नाही. मधे उजव्या खांद्याचं ऑपरेशन. शेवटी ५ जून २०१५ ला ओकलंडने मेजर लीगमध्ये उभा केला, तिशीला पंचवीस दिवस कमी. त्यानंतर बफेलो, टॅकोमा, अ‍ॅलनटाऊन, ओक्लाहोमा सिटी, सॅक्रामेंटो. मी आयटीत कॉन्ट्रॅक्टवर एवढी गावं बदलली नाहीत, आणि बायको मला भटक्या म्हणते. मायनर लीगचा पगार तर विचारूच नको, अगदी वरच्या ट्रिपल-एला सुद्धा किमान १७,५०० डॉलर वर्षाला होता, २०२३ च्या करारात ३५,८०० झाला. म्हणजे कोच चूक आहे असं छातीठोक म्हणताही येत नाही. बारा वर्षांच्या पोराच्या दोन्ही खांद्यांची काळजी मलाही आहेच. पण मी हो म्हणालो ते खांद्याचा विचार करून नाही रे, सांगणारा माणूस शिट्टी गळ्यात घालून उभा होता म्हणून. तेव्हाही तसंच.

तू पाठवलेलं अक्षय कर्णेवारचं स्कोअरकार्ड ओजसला दाखवलं, २०२१ चं, मणिपूरविरुद्ध चार ओव्हर, शून्य रन, दोन विकेट. हा विदर्भाचा बॉलर पण दोन्ही हातांनी टाकतो म्हटल्यावर त्याचा पहिला प्रश्न, मग मन्याकाका का नाही पुढे खेळला? मी म्हटलं, त्याला दुकान होतं. खोटं बोललो.

सायलीच्या दहावीचं काय झालं? दुकानाचं छत बदललंस का? काकूंना नमस्कार सांग, वहिनींना पण.

काल संध्याकाळी ओजस गॅरेजच्या दारावर बॉल मारत होता, नुसता उजव्याने, डावा हात खिशात. मी खिडकीतून बघत होतो, बाहेर जायचं धाडस झालं नाही. रविवारी फोन कर. मला नको, त्याला कर. पट्टीचं सांग, आणि चुगली कुणी केली तेही सांग.

तुझा,
बंड्या