पेटीवर न छापलेल्या अटी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : हालचालींवर चालणारा नवीन गेम कन्सोल वापराच्या अटी पेटीवर न छापता विकल्याबद्दल तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत
संदर्भ : आपल्या ग्राहक सेवेने परस्पर बंद केलेली माझी तक्रार

महोदय,

आपल्या कंपनीचा घरी खेळायचा नवीन गेम कन्सोल, त्यासोबतचा कॅमेरा आणि दोन रिमोट असा संच मी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी जळगावच्या एका दुकानातून विकत घेतला. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. तुमच्या सर्व्हिस सेंटरने यंत्र तपासून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा दिला. तो शेरा मला मान्य आहे. यंत्र जसे बनवले तसेच चालते. पण ते कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही, हे विकण्याआधी तुम्हाला पक्के ठाऊक होते. ती माहिती तुम्ही सीलबंद पेटीच्या आत, इंग्रजी पत्रकात, भिंग लावल्याशिवाय वाचता येणार नाही अशा टायपात घातली. माझी तक्रार त्याबद्दल आहे. तेव्हा ‘कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याची जुळणी) पुन्हा करून पाहा’ हे उत्तर कृपया परत पाठवू नका. ते करून झाले आहे.

आधी पेटीवर काय छापले आहे ते सांगतो, कारण तुमच्या कार्यालयात ते कोणी वाचले असेल असे वाटत नाही. ‘कोणत्याही घरात’, ‘सगळ्या कुटुंबासाठी’, ‘तुमची प्रत्येक हालचाल ओळखणार’. शेजारी एका हॉलचे चित्र आहे, त्यात चौघे उड्या मारत आहेत. त्या हॉलमध्ये आमचे सगळे घर मावेल, पुढच्या ओट्यासकट.

मी भुसावळला राहतो. रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि या सणाला लेकी माहेरी येतात. मुलगी दोन्ही पोरांना घेऊन यायची होती. मे महिन्याच्या दुपारी पोरांना बाहेर सोडता येत नाही आणि घरात ती मोबाइल सोडत नाहीत. निदान हातपाय हलतील असा खेळ घ्यावा, एवढाच हिशोब होता. जवळजवळ महिन्याभराची पेन्शन त्यात गेली.

पहिला प्रश्न जागेचा आला. पेटी उघडून जोडणी केल्यावर पडद्यावर सूचना आली की दोघांना खेळायचे तर कॅमेऱ्यापासून आठ फूट मागे उभे राहा. आमची पुढची खोली दहा बाय दहा. त्यात एका भिंतीला टीव्हीचे शोकेस, समोर दिवाण. मध्ये उरतात जेमतेम सहा फूट. दिवाण मागच्या खोलीत नेला तेव्हा कुठे दोन पोरे कॅमेऱ्यात मावली, आणि मग आम्ही म्हाताऱ्यांनी बसायचे कुठे हा प्रश्न उभा राहिला. ही अडचण नवी असती तर मी बोललो नसतो. मायक्रोसॉफ्टने २०१० साली एक्सबॉक्स ३६० या आपल्या गेम कन्सोलसाठी किनेक्ट नावाचा कॅमेरा आणला, तेव्हाही एका खेळाडूला सुमारे सहा आणि दोघांना सुमारे आठ फूट अंतर सांगितलेले होते. लहान घरांतल्या लोकांची ओरड तेव्हापासूनची आहे. म्हणजे ‘कोणत्याही घरात’ हे शब्द लिहिणाऱ्याला ते खरे नाहीत हे माहीत असायलाच हवे होते.

पण जागेचे एक वेळ भागवता आले. उन्हाचे भागवता येत नाही, आणि माझ्या तक्रारीचा गाभा तोच आहे.

तुमचा कॅमेरा खोलीत अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) किरण टाकतो आणि परत येणाऱ्या किरणांवरून समोरचा माणूस किती लांब आहे हे ठरवतो. तत्त्व चांगले आहे. मात्र सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात, आणि भरपूर असतात. खोलीत थेट ऊन आले की कॅमेऱ्याला स्वतःचे किरण ओळखू येत नाहीत. आमचे दार पश्चिमेला आहे. दुपारी तीननंतर ऊन थेट फरशीवर येते आणि तुमचे यंत्र आंधळे होते. तुमच्या प्रतिनिधीने फोनवर यावर उपाय सांगितला : “सर, दरवाजा बंद कर लीजिए.”

इथे कूलर कसा चालतो हे त्या मुलाला माहीत नसावे, म्हणून लिहितो. खानदेशात बहुतेक घरांत एसी नाही, खिडकीला लावलेला कूलर असतो. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढून आत ढकलतो. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते, म्हणून समोरचे दार उघडे ठेवावेच लागते. दार लावले तर थोड्याच वेळात खोली दमट होते, अंगाला कपडे चिकटतात आणि कूलर असून नसल्यासारखा होतो. म्हणजे दार उघडे ठेवले तर यंत्राला दिसत नाही, आणि लावले तर माणसाला श्वास घेववत नाही. मधला मार्ग म्हणून दाराला जाड सुती पडदा लावला. कूलरच्या वाऱ्याने पडदा हलू लागला आणि तुमच्या नाचाच्या खेळाने त्यालाच दुसरा खेळाडू म्हणून धरले. टीव्हीवर त्याची आकृती आली, ती कमरेतून डोलत होती, तिला गुणही मिळाले. माझ्या नातीपेक्षा जास्त. नात रडत स्वयंपाकघरात निघून गेली. याचे चित्रीकरण मुलीने मोबाइलवर केले आहे, ते तुम्हाला ईमेलने पाठवले होते.

आमच्या सिग्नल खात्यात एक साधा नियम असतो. रुळावरच्या उपकरणाला नीट कळेनासे झाले की सिग्नल आपोआप लाल होतो, गाडी थांबते. तुमच्या यंत्राला दिसेनासे झाले की ते थांबत नाही, समोर नसलेला माणूस उभा करते. खेळ आहे, जिवाचा प्रश्न नाही, हे मला समजते. तरी ‘उजेड जास्त आहे, मला दिसत नाही’ एवढे वाक्य पडद्यावर आणणे अवघड नव्हते.

उन्हाचीच दुसरी बाजू तापमानाची. आतल्या पत्रकात, शेवटून दुसऱ्या पानावर, लिहिले आहे की यंत्र ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावे. बहुतेक कन्सोलना साधारण अशीच मर्यादा असते, त्याबद्दल माझे भांडण नाही. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे ४४-४५ अंश ही काही बातमी नसते. आमचा स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेला असतो. शोकेसमध्ये टीव्हीच्या खाली ठेवलेले यंत्र अर्ध्या-पाऊण तासात ‘फार गरम झाले आहे’ असे सांगून बंद पडायचे. हा त्याचा दोष नाही, ते स्वतःला वाचवत होते. प्रश्न असा की ही मर्यादा पेटीच्या बाहेर का नाही? फ्रिजवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘टी’ असेल तर तो ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवला आहे असे समजायचे. आमच्याकडचा साधा दुकानदारही ते बघून फ्रिज सुचवतो. तुमच्या पेटीवर तेवढी एक ओळ असती तर मी पेटी तिथेच ठेवून घरी आलो असतो, आणि तुमचा व माझा वेळ वाचला असता.

‘सगळ्या कुटुंबासाठी’ याचेही असेच. सौ. नऊवारी नेसत नाही, साधी गोल साडी नेसते. तरी तुमच्या कॅमेऱ्याला तिचे पाय वेगळे सापडेनात. बॉलिंगच्या खेळात तिची आकृती सारखी जमिनीत रुतायची. “याले माझे पाय दिसत नाही का रे?” असे तिने नातवाला विचारले आणि पुन्हा काही ती टीव्हीसमोर उभी राहिली नाही. सैल आणि घेरदार कपड्यांत सांधे ओळखणे अशा कॅमेऱ्यांना कठीण जाते, ते पत्रकातही आहे. भारतात माल विकताना ‘आजीसुद्धा खेळेल’ असे चित्र छापायचे आणि आजीने पॅन्ट घालावी ही अपेक्षा आत लिहायची, याला काय म्हणावे?

रिमोटबद्दल थोडक्यात. ‘मनगटाची प्रत्येक हालचाल’ ओळखणार असे पेटीवर आहे. आतल्या माहितीत मात्र रिमोटमध्ये फक्त अ‍ॅक्सेलेरोमीटर दिला आहे, जायरोस्कोपचा उल्लेखच नाही. हात किती जोरात झटकला हे पहिल्याने कळते. मनगट किती आणि कसे वळले हे नेमके कळायला दुसरा लागतो. निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’ या गेम कन्सोलचा २००६ चा रिमोट असाच होता, आणि ही उणीव भरून काढायला त्यांनी २००९ मध्ये जायरोस्कोप असलेली वेगळी जोड बाजारात आणली. इतक्या वर्षांनंतर तुम्ही पुन्हा त्याच ठिकाणी आहात. क्रिकेटच्या खेळात नातवाने कव्हर ड्राइव्ह मारला काय आणि कानाजवळची माशी हाकलली काय, पडद्यावरचा फलंदाज एकच फटका मारतो. चेंडू मात्र दोन्ही वेळा सीमापार जातो, म्हणून नातवाची तक्रार नाही. माझी आहे.

त्याच निन्टेन्डोचे आणखी एक उदाहरण देतो. रिमोट हातातून निसटून टीव्हीवर आदळू लागले आणि मनगटाच्या दोऱ्या तुटत आहेत असे दिसल्यावर त्या कंपनीने २००६ च्या डिसेंबरातच सुमारे ३२ लाख दोऱ्या मोफत बदलून देण्याचे जाहीर केले. ‘तुम्ही नीट धरला नाही’ असे म्हणून ते मोकळे होऊ शकले असते.

तुमच्याकडून काय झाले? दुकानदाराने “पेटी उघडली की माल तुमचा” म्हणून हात झटकले आणि कंपनीकडे बोट दाखवले. कंपनीच्या फोनवर दर वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून तीच प्रश्नावली : लाइट कितना है, दूरी कितनी है, कपड़े टाइट पहने हैं क्या. चित्रीकरण मागितले, ते दिले. त्यानंतर ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवली आहे’ असा संदेश आला. कोणाच्या समाधानाने, ते त्यात नव्हते. पुढे पाऊस सुरू झाल्यावर तुमच्या एका प्रतिनिधीने, अगदी मनापासून, सांगितले की आता गरम होत नसेल तर वापरायला हरकत नाही. पोरे तोवर शाळा उघडल्या म्हणून आपल्या गावी गेली होती.

पेटी उघडल्याशिवाय अटी वाचता येत नाहीत आणि अटी वाचायला पेटी उघडली तर माल परत होत नाही, असा हा व्यवहार आहे. तो कायद्यात बसत नाही असे माझे म्हणणे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाचा अर्थ फक्त बिघाड असा नाही. विक्रेत्याने मालाबद्दल जो दावा केला त्यात माल उणा पडला तर तोही दोषच धरला आहे. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते, हे कलम २(२८) मध्ये आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर अशी कोणतीही मुदत नाही. माल परत घ्या असे मी खरेदीनंतर आठवड्याभरातच लेखी कळवले होते, त्याची प्रत सोबत आहे.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. संचाची बिलावरची पूर्ण किंमत परत करावी आणि माल तुमच्या खर्चाने घेऊन जावा. त्याबदली दुसरा संच, दुसऱ्या खेळाचे कूपन किंवा वाढीव वॉरंटी मला नको. यापुढे पेटीच्या बाहेरच्या बाजूला लागणारे अंतर, तापमानाची मर्यादा, थेट उन्हात कॅमेरा चालत नाही ही सूचना आणि कपड्यांबद्दलची अट मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात छापावी. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दुकानांत आज जो माल पडून आहे त्यावर निदान स्टिकर तरी लावावा. पुढची आखाजी येईल तेव्हा दुसऱ्या कोणा आजोबाने हीच पेटी उचलू नये.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात अर्ज करीन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही, त्यामुळे तुम्हालाच इकडे यावे लागेल. मला जळगावला जायला पॅसेंजर पुरते.

संच सगळ्या वायरी, रिमोट आणि पत्रकासह मूळ पेटीत बांधून ठेवला आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करावा आणि सकाळची वेळ द्यावी.

आपला ग्राहक,
निवृत्त सिग्नल कर्मचारी,
भुसावळ, जि. जळगाव

सोबत : बिलाची प्रत, सर्व्हिस सेंटरचा शेरा, माल परत घेण्याबाबतच्या पहिल्या पत्राची प्रत, पेटीच्या चारही बाजूंचे फोटो आणि पत्रकातील तापमानाच्या पानाची झेरॉक्स (मोठी करून काढलेली)