बिजलीला उभं केलंत त्या रात्रीबद्दल

आदरणीय डॉक्टर साहेब,

सादर नमस्कार.

फोनवर दोनदा आभार मानले, दोन्ही वेळा तुम्ही "अहो, कामच आहे आमचं" म्हणून विषय तोडला. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. इथं तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

पौषातली रात्र होती. आमची गाय बिजली दुपारी व्यायली होती, तिसरं वेत, कालवड झाली. आम्ही भूमकडची माणसं, आमच्याकडं दुधाचा हिशोब खव्यात होतो. कास दगडासारखी ताठलेली पाहून मी सगळा चीक एका दमात काढला, चांगला नऊ-दहा लिटर. रात्री अकराला आई गोठ्यात गेली, तर बिजली बसलेली, मान वळवून कुशीला टेकवलेली, कान गार, नाकाड कोरडं ठाक. शेजारचे म्हणाले, दुग्धज्वर आहे, तापाचं इंजेक्शन आणा.

तुम्ही मफलर गुंडाळून मोटारसायकलवर आलात आणि आधी थर्मामीटर लावलं. "ताप कुठाय? नावातच ज्वर आहे, गाय तर गार पडलीय."

पुढची पंधरा-वीस मिनिटं मी विसरणार नाही. दुग्धज्वर म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरणं, म्हणून कॅल्शियमची बाटली आधी कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलीत. मानेच्या शिरेत सुई गेली, बाटली माझ्या हातात दिलीत आणि स्वतः तिच्या छातीला नळी लावून बसलात. दोनदा म्हणालात, "हात खाली घे." मला वाटलं माझं काही चुकलं. नंतर कळलं, धार जोरात गेली तर हृदयच बंद पडू शकतं, म्हणून तुम्ही ठोके ऐकत माझा हात खालीवर करत होता. बाटली अर्धी झाली तशी बिजलीच्या मांड्या थरथरायला लागल्या. मग तिला ढेकर आली. नाकाडावर दवासारखे थेंब उभे राहिले. मग शेण पडलं. शेणाला हात जोडायचंच आईनं बाकी ठेवलं होतं! थोड्या वेळानं बिजली उठून उभी राहिली, जसं काही झालंच नव्हतं.

पण आभार मानायचे ते नुसत्या बाटलीचे नाहीत. नंतर चहा पिता पिता तुम्ही जे सांगितलंत, त्याचेही आहेत.

मी बी.एस्सी.ला झूऑलॉजी घेतलेला माणूस. गॉल्जीची, म्हणजे पेशीतला माल बांधून पाठवणाऱ्या कप्प्यांची, आकृती काढून मार्क मिळवले, पण ती वस्तू माझ्या गोठ्यात काम करते हे तुमच्यामुळं कळलं. तुम्ही म्हणालात, दूध म्हणजे गाळलेलं रक्त नव्हे, कासेतली एकेक पेशी ते घडवते. पेशीच्या आतल्या पाण्यात मोकळं कॅल्शियम रक्तातल्यापेक्षा जवळपास दहा हजार पटीनं कमी असतं, आणि ते तसंच राहावं लागतं, नाहीतर पेशीच मरते. मग दुधात लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं कसं? पेशी ते आत आलं की पंपांनी उचलून गॉल्जीच्या कप्प्यांत भरते. तिथं ते फॉस्फेटबरोबर केसिन या दुधातल्या प्रथिनाच्या गोळ्यांत बांधलं जातं, आणि त्या पिशव्या वरच्या कडेला जाऊन दुधात रिकाम्या होतात. पेशीच्या पाण्यात ते मोकळं साचत नाही. आमच्या खव्याच्या भट्टीवरच्या कढईत आटून उरतं त्यात हे बांधलेलं कॅल्शियमही असतं, हे मी भट्टीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग भाव वाढवून मागू नका."

चिकात कॅल्शियम दुधापेक्षाही जास्त. दहा लिटर चिकात वीसेक ग्रॅम, आणि गायीच्या अख्ख्या रक्तात एका वेळी असतं जेमतेम तीन ग्रॅम. मी एका दमात काय काढून घेतलं होतं, ते तेव्हा डोक्यात शिरलं.

पण गाय बसली का? माझा समज होता, हाडं कमजोर झाली. तुम्ही तो खोडलात. नसेच्या टोकालाही इवल्या पिशव्या असतात, त्यांत ॲसिटिलकोलिन, स्नायूला निरोप देणारं रसायन. हुकूम आला की बाहेरचं कॅल्शियम टोकात शिरतं, तेव्हाच पिशव्या फुटतात आणि स्नायू हलतो. रक्तात कॅल्शियम पुरेसं नाही तर पिशव्या भरलेल्या, हुकूम आलेला, आणि टोक गप्प. पाय धड होते, त्यांना सांगावाच पोचत नव्हता.

त्यानंतर मी वाचत बसलो. पान्हा सुटतो तेव्हा कासेतल्या दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या पेशी नुसत्या बाहेरच्या कॅल्शियमची वाट पाहत नाहीत. ऑक्सिटोसिन हे पान्ह्याचं हार्मोन पोचलं की आपल्याच पोटातला कॅल्शियमचा साठा उघडतात आणि आकसतात. म्हणजे आत साठा ठेवणारी पेशी एक, बांधून बाहेर देणारी दुसरी, आणि नसेचं टोक बाहेरून आत येणाऱ्या कॅल्शियमवर अवलंबून. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीच्या पेशींचं तर सगळं उलटं, रक्तात कॅल्शियम कमी झालं की त्या जास्त हार्मोन सोडतात. फक्त त्या हार्मोननं हाडांतून कॅल्शियम निघायला दिवस-दोन दिवस लागतात, आणि चीक तेवढा वेळ देत नाही. कॅल्शियमची बाटली येण्याआधी डेन्मार्कमध्ये कासेत हवा भरून असल्या गायी उठवायचे, हेही वाचलं. कास फुगली की दूध बनायचं थांबतं आणि रक्तातलं कॅल्शियम रक्तात राहतं. कारण कॅल्शियमच आहे हे एडिनबराकडच्या दोघांनी १९२५ साली मांडलं, म्हणजे उपाय आधी आणि कारण मागून.

एक कबुली राहिली. बिजली आटली होती तेव्हा आई रोज चुन्याची निवळी पाजत होती, कॅल्शियम मिळावं म्हणून. तुम्ही आईला दोष दिला नाहीत. एवढंच म्हणालात, "मावशी, आयतं मिळत गेलं की मानेतल्या ग्रंथीला झोप लागते, ऐन वेळी उठत नाही." आईला ते लगेच पटलं. मी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

बिजली आता परत आटलीय. निवळी बंद आहे. व्याल्यावर पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करायची नाही, हे दावणीच्या खांबावर कोळशानं लिहून ठेवलंय.

त्या रात्री तुम्ही औषधाचेच पैसे घेतलेत. खव्याचा डबा पाठवतोय, परत पाठवू नका. आणि तुमची बॅटरी आमच्याकडंच राहिलीय, गोठ्यातल्या खिळ्याला टांगलीय. न्यायला दिवसा या.

तुमचा,
बिजलीचा मालक