अकरा गुणिले एकशे सहासष्ट : ताईंना जाहीर आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचा हार्डवेअरचा क्लास कधीच बंद झाला, त्या जिन्यावर आता मोबाइलवाल्यांच्या पाट्या आहेत, आणि सांगली सोडून तुम्ही कुठं गेलात ते सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून हे आभार जाहीर. तुमच्या ओळखीतल्या कुणी वाचलं तर पुढं पाठवतीलच.

मी तुमच्या क्लासच्या खालचा डीटीपीवाला. २००३ ची दिवाळी उरकली होती. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची झुंबड उडते, तेव्हा जुनं एक गिगाहर्ट्झचं पेंटियम थ्री बाजूला सारून नवं मशीन बाहेरगावच्या दुकानातून असेंबल करून आणलं होतं. आत एएमडीचा ॲथलॉन एक्सपी २५००+ प्रोसेसर, त्याच वर्षी फेब्रुवारीत बाजारात आलेला, ५१२ केबी कॅशचा (म्हणजे आतल्या झटपट मेमरीचा), ज्याला सगळे बार्टन म्हणत. इंटेलच्या पेंटियम फोरपेक्षा स्वस्त आणि कामाला वाघ, असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. आणि माझ्याकडचा वाघ काही उठेना. फोटोशॉपमध्ये पत्रिकेवरचा गणपती जरा मोठा करून फिरवायला घेतला की जुन्या मशीनइतकाच वेळ. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या तर तिथं १.१० गिगाहर्ट्झ.

दुकानात फोन केला. ‘बूट होतंय न्हवं? मग झालं की.’ दुसऱ्यांदा केला तर विंडोज परत टाकून बघा म्हणाले. त्या काळात कुठल्याही दुखण्यावर हे एकच औषध होतं. शेजारच्या सायबर कॅफेवाल्यानं व्हायरस म्हटलं. एकजण म्हणाला, एएमडी घेतलास तिथंच फसलास, ते नुसतं तापतं.

तुम्ही आलात ते नव्या बॅचचं हँडबिल टाकायला. मी रडगाणं सुरू केल्यावर मशीन फक्त रिस्टार्ट करायला लावलंत आणि म्हणालात, पहिला पडदा आला की पॉजचं बटण दाबा आणि काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा. मी वाचलं, अकराशे मेगाहर्ट्झ. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘विंडोज अजून जागीसुद्धा झालेली नाही आणि आकडा तिच्याआधी आलाय. मग तिला कशाला बडवताय?’ ताई, पहिले आभार या वाक्याचे. आधी काय घडतं आणि नंतर काय, एवढं नीट लावलं की निम्मे संशयित घरी जातात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग टेबलावरची एक फुकट गेलेली पत्रिका उलटी करून तिच्या कोऱ्या बाजूला तुम्ही गणित मांडलंत. प्रोसेसरचा वेग स्वतःचा नसतो. मदरबोर्ड एक ठोका देतो, प्रोसेसर त्याला आतल्या आकड्यानं गुणतो. या प्रोसेसरचा गुणक अकरा. ठोका १६६ चा मिळाला तर अकरा गुणिले १६६ आणि वरचे दोन तृतीयांश, म्हणजे १८३३. शंभरचा मिळाला तर ११००. प्रोसेसर बिघडलेला नाही, त्याला ठोकाच हळू मिळतोय. पैसे पूर्ण मोजलेत आणि पदरात साठ टक्के पडलेत.

मी खोक्यावरचा ३३३ चा आकडा दाखवला, तर तोही तुम्ही सोडवून दिलात. या बसवर, म्हणजे प्रोसेसरला बोर्डाशी जोडणाऱ्या वाटेवर, एका ठोक्याला दोनदा माहिती जाते, म्हणून १६६ ला विकताना ३३३ म्हणतात. बोर्डावर मात्र १६६ च शोधायचं, ३३३ लिहिलेलं कुठंच मिळणार नाही.

शंभर कुठून आले तेही सांगितलंत. त्याच ४६२ पिनांच्या सॉकेटमध्ये एएमडीचे जुने प्रोसेसर, ड्युरॉन आणि थंडरबर्ड, बसत, त्यांतल्या बऱ्याचशांचा ठोका शंभरचा. कारखान्यातून बोर्ड निघतो तो सगळ्यात मवाळ जागेवर, म्हणजे कुठलाही प्रोसेसर टाकला तरी निदान चालू होतो. पुढं जंपर, म्हणजे बोर्डावरच्या पिना जोडणारी बारीक टोपी, हलवणं हे असेंबल करणाऱ्याचं काम. दुकानदाराच्या ‘बूट होतंय न्हवं’चा उलगडा मला तिथं झाला. ते बूट व्हावं म्हणूनच तर बोर्ड शंभरावर ठेवलेला असतो!

यापुढचं तुम्ही घाईत सांगितलंत, पण मला सगळ्यात जास्त तेच आवडलं. मी विचारलं होतं की शंभरावरून सरळ हवा तो आकडा का नाही द्यायचा. तुम्ही पत्रिकेवर एकाखाली एक लिहिलंत : शंभर भागिले तीन, १३३ भागिले चार, १६६ भागिले पाच. तिन्हींचं उत्तर तेहतीसच्या आसपास. बाकीची कार्डं आणि हार्ड डिस्कचा कंट्रोलर ज्या पीसीआय बसवर असतात, तिला तेहतीस मेगाहर्ट्झच लागतात. ठोका वाढवला आणि भागाकार तोच राहिला तर प्रोसेसर कदाचित निभावून नेईल, पण हार्ड डिस्कवर लिहिताना घोळ होईल आणि पत्रिकांच्या फायली जातील. म्हणून चालत असलेल्या मशीनवर आकडे उगाच चढवत बसायचे नाहीत, बोर्डानं छापून दिलेली जागाच निवडायची. तो कागद मी पुष्कळ वर्षं बिलांच्या फायलीत ठेवला होता. त्याच्या पुढच्या बाजूला वधूच्या वडिलांचं नाव चुकलं होतं, एवढं अजून आठवतं.

प्रत्यक्ष काम संध्याकाळी केलंत. आधी पाठीमागची वायर उपसलीत. नुसतं बंद करून भागत नाही, बंद मशीनमध्येही एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, पाच व्होल्ट सोडत असतो, बोर्डावरचा बारीक दिवा विझेपर्यंत थांबा, म्हणालात. जंपरला मात्र हात नाही. पहिल्यांदा वाकून हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता काढणारा धातूचा ठोकळा, बघितलात, बॅटरीचा उजेड पाडून, दोन्ही बाजूंनी. वेग वाढणार म्हणजे उष्णता वाढणार. त्या हीटसिंकच्या बुडाला एका अंगाला खाच असते, आणि ती सॉकेटच्या उंचवट्याच्या बाजूलाच यावी लागते. उलटी बसली तर हीटसिंक तिरका राहतो, आणि ॲथलॉनच्या उघड्या चिपवर तिरका हीटसिंक म्हणजे प्रोसेसर काही क्षणांत खलास. आमचा सरळ होता. दुकानदारानं एवढं तरी नीट केलं होतं.

मग चिमट्यानं ती इवलीशी काळी टोपी उचललीत आणि बोर्डावरच छापलेल्या कोष्टकाशी ताडून दुसऱ्या पिनांवर बसवलीत, पण एकदम १६६ वर नाही, आधी १३३ वर. मशीन चालू केलं तर पडद्यावर ॲथलॉन एक्सपी १७००+! मी घाबरलो, तुम्ही हसलात. बायोस, म्हणजे मशीन उठवणारा बोर्डातलाच प्रोग्राम, मेगाहर्ट्झ मोजतो आणि त्या वेगाचा प्रोसेसर कोणत्या नावानं विकतात ते नाव छापतो. अकरा गुणिले १३३ म्हणजे १४६६, आणि त्या वेगाला १७००+ म्हणत. गुणक अकराच आहे याची तुम्हाला या पायरीनं खात्री झाली.

त्यानंतर १६६. पंखा फिरला, पडदा काळा. मला वाटलं, गेलं सगळं. तुम्ही वायर काढलीत, रॅमची पट्टी उपसून तिच्यावरचा कागद उजेडात धरलात आणि माझ्यासमोर आणलात. पीसी २१००. ही १३३ च्या ठोक्याची रॅम. १६६ ला पीसी २७०० लागते. मी बिल काढलं, तर त्यावर नुसतंच ‘२५६ एमबी डीडीआर’. वेग लिहिलेलाच नव्हता, म्हणजे भांडायला आधारही नाही. बिलावर आकारमानाबरोबर वेग लिहून घ्यायचा, हा नियम मी तेव्हापासून गिऱ्हाइकांनाही सांगतो.

बायोसच्या जपलेल्या सेटिंग पुसणारा सीमॉसचा जंपर क्षणभर सरकवून परत आणला, एकशेतेहतीसवर चालू केलं आणि बायोसमध्ये गेलात. रॅमचा ठोका बोर्ड आपल्या मनानं ठरवत होता, तो तुम्ही हातानं १३३ वर बांधलात. व्होल्टेजला बोट लावलं नाहीत, या प्रोसेसरचं १.६५ आहे आणि बोर्ड तेवढंच देतोय, म्हणालात. बंद करून जंपर पुन्हा १६६ वर. या खेपेला बीप आला आणि पडद्यावर २५००+, खाली १८३३.

त्यावर मी काय विचारलं असेल? ‘ताई, पण पंचवीसशे कुठायत?’ तुम्ही कपाळाला हात लावला नाहीत, याचेही आभार. तो पंचवीसशे मेगाहर्ट्झचा आकडा नव्हेच. ॲथलॉन दर ठोक्याला पेंटियम फोरपेक्षा जास्त काम उरकतो, पण गिऱ्हाईक फक्त गिगाहर्ट्झ वाचतं, म्हणून एएमडीनं असे आकडे नावात घातले. कंपनी अधिकृतपणे सांगायची की तुलना आमच्याच जुन्या थंडरबर्डशी आहे. बाजारात सगळे पेंटियम फोरशीच लावायचे, आणि कंपनीचीही त्याला हरकत नसावी. १८३३ येणं हेच बरोबर, त्यापुढं काही हरवलेलं नाही, हे तुम्ही मला दोनदा म्हणायला लावलंत.

आणि मग माझ्यातला हावरट जागा झाला. सायबर कॅफेवाल्यानं कानात सांगून ठेवलं होतं की हाच बार्टन दोनशेच्या ठोक्यावर टाकला की बावीसशे होतात आणि तो फुकटात ३२००+ होतो. तुम्ही ते नाकारलं नाहीत. खरंच होतात, म्हणालात, ३२००+ सुद्धा बार्टनच आहे आणि त्याचाही गुणक अकराच. पण यावर लोकांच्या लग्नाच्या तारखा छापायच्या आहेत ना? जेवढ्याचे पैसे दिलेत तेवढं पुरतं वसूल करा, त्याच्या वरचं घरच्या मशीनवर खेळा. मला तेव्हा जरा रागच आला होता. पुढं ऐन वैशाखात, पत्र्याखालच्या आमच्या दुकानात दुपारी कॅबिनेटला हात लावला की कळायचं तुम्ही का नको म्हणालात.

रात्री प्राइम९५ ची टॉर्चर टेस्ट, म्हणजे प्रोसेसरला सतत अवघड गणितं घालणारी चाचणी, लावून गेलात. चूक आली तर ती थांबलेली दिसेल, नाही थांबली तर सकाळी बंद करा. लाइट गेली आणि यूपीएसनं मान टाकली तर ती परीक्षा धरायची नाही, हेही बजावलंत, कारण गाव सांगली आणि तेव्हाचं भारनियमन. लाइट टिकली. सकाळी टेस्ट चालूच होती, चूक एकही नाही, आणि तापमान साठीच्या आत. बार्टनची मर्यादा ८५ अंशांची.

रॅम त्या दुकानानं कुरकुर करत का होईना, वरचा फरक घेऊन बदलून दिली. तुम्ही पैसे घेतले नाहीत. हँडबिलाचे मीही घेतले नाहीत, पण तुम्ही कागदाचे टेबलावर ठेवूनच गेलात.

आता हे सगळं इतक्या वर्षांनी का, ते सांगतो. भाच्यानं रायझन ५ ५६०० चं मशीन जोडलं. त्याला काळजी की प्रोसेसर ४.४ गिगाहर्ट्झचा म्हणून घेतला आणि टास्क मॅनेजर बेस स्पीड ३.५ दाखवतोय. त्याला कागद घ्यायला लावला. शंभर गुणिले पस्तीस, हा बेस. ४.४ हा बूस्ट, तो काम पडलं आणि थंडावा असला की कोअर आपण होऊन गाठतो. रिकाम्या बसलेल्या मशीनवर वेग बघून रडायचं नाही. मात्र तिथंच मेमरीच्या पानावर रॅमपुढं २१३३ दिसलं, आणि पट्टीवर छापलेलं ३२००. इथं खरी गफलत. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग, सुरू केल्याशिवाय अशी रॅम मवाळ जागेवरच उठते, तुमच्या त्या शंभरच्या जंपरसारखी. आणि रायझनमध्ये आतले भाग जोडणारी फॅब्रिक रॅमच्या ठोक्याशी बांधलेली असते, म्हणजे रॅम हळू तर सगळंच थोडं मंद. एक्सएमपी चालू केलं, ३२०० आलं. लगेच सीपीयू-झी, मशीनचे वेग दाखवणारा प्रोग्राम, उघडून म्हणतो, मामा, हे तर १६०० दाखवतंय! दर ठोक्याला दोनदा, म्हटलं, आणि तुमचं नाव सांगितलं.

त्यानंही तुम्हाला नमस्कार कळवायला सांगितलाय. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणाकडं तुमचा पत्ता असेल तर तो मात्र मला हवा आहे. त्या हँडबिलाच्या कागदाचे पैसे परत करायचे राहिलेत.

आपला,
तुमच्या क्लासखालचा डीटीपीवाला, सांगली